बॅरिटोन म्हणजे कोण? डीट्रिश फिशर-डीस्काउ यांच्या निमित्तानं

२८ मे २०२५ रोजी जर्मन गायक डीट्रिश फिशर-डीस्काउ यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी हे नाव फार मोठं. बाकीच्यांनी मात्र त्यांच्याविषयी काही वाचायला घेतलं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याशीच अडखळायला होतं. ‘लिरिक बॅरिटोन’, ‘फाख’, ‘लीड’ हे शब्द वाचणाऱ्याला ठाऊकच आहेत असं धरून लिहिलेलं असतं.

त्यात एक कोडंही आहे. फिशर-डीस्काउ ऑपेराच्या (गाऊन सादर होणाऱ्या नाटकाच्या) रंगमंचावर तीस वर्षं पाय रोवून उभे होते, पण त्यांचा आवाज आकारानं प्रचंड म्हणावा असा नव्हता. त्यांच्याच काळात त्यांच्यापेक्षा दणदणीत आवाजाचे बॅरिटोन जर्मनीत होते. मग विसाव्या शतकातला जर्मन बॅरिटोन म्हटलं की जगभर आधी यांचंच नाव का निघतं? मला वाटतं, त्यांनी शब्दाला सुराइतकंच वजन दिलं यात याचं बरंचसं उत्तर आहे, आणि जर्मनीतल्या नाट्यगृहांच्या व्यवस्थेनं त्यांना ते करू दिलं यात उरलेलं. पण तिथं पोहोचायला आधी प्राथमिक गोष्टी पाहायला हव्यात.

## आवाजाची विभागणी इतकी महत्त्वाची का?

पुरुषांच्या आवाजाचे ऑपेरात ढोबळ तीन प्रकार मानतात. उंच आवाज तो टेनर, खर्जातला तो बास, आणि मधला तो बॅरिटोन. बॅरिटोनचा पल्ला साधारण दोन सप्तकांचा असतो. बहुतेक पुरुषांचा नैसर्गिक आवाज याच टापूत येतो, म्हणूनच बॅरिटोनचं गाणं माणूस बोलतोय असं चटकन वाटतं.

आपल्याकडे गायक आपली पट्टी स्वतः ठरवतो. एकाची काळी एक, दुसऱ्याची पांढरी पाच. तंबोरा आणि तबला त्याप्रमाणे लावून घेतात. ऑपेरात ही सोय नाही. संगीतकारानं प्रत्येक पात्राचा प्रत्येक सूर कागदावर लिहून ठेवलेला असतो आणि साठ-सत्तर वादक त्याच स्वरांत वाजवणार असतात. गायकानं ‘आज जरा खाली घेऊ’ म्हणायची सोय नाही. म्हणून कुठला आवाज कुठल्या भूमिकेला पेलेल याचा हिशेब आधीच करावा लागतो.

त्यातून भूमिकांचीही वाटणी झाली. प्रेमात पडणारा नायक बहुतेक वेळा टेनर. बॅरिटोनच्या वाट्याला येतात ते बाप, मित्र, प्रतिस्पर्धी, खलनायक, राजे आणि हताश झालेले नवरे. इटालियन संगीतकार व्हेर्डीच्या ऑपेरांतले सगळ्यात गुंतागुंतीचे पुरुष बॅरिटोन आहेत, हा योगायोग नाही. ज्याला सरळ प्रेमगीत गाऊन सुटता येत नाही असा माणूस त्याला या आवाजात दिसत असावा.

## माइक नसताना आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो कसा?

ऑपेरात गायक ध्वनिक्षेपक वापरत नाहीत. समोर पूर्ण वाद्यवृंद, त्याच्यामागे दीड-दोन हजार श्रोते, आणि मध्ये एकटा गळा. हे ताकदीनं ओरडून साधत नाही. तसं केलं तर गळा महिनाभरात बसेल.

मिरवणुकीत पन्नास ढोल घुमत असतात, तरी ताशाची तर्री स्वच्छ ऐकू येते. ताशा ढोलाहून मोठा नसतो. त्याचा नाद वेगळ्या, उंच भागात असतो आणि तिथं ढोलाची गर्दी नसते. गायकाचंही तसंच. वाद्यवृंदाचा सगळ्यात जास्त जोर सेकंदाला सुमारे ५०० कंपनांच्या आसपास असतो, त्यावर तो उतरत जातो. शिकलेला गायक स्वरयंत्र किंचित खाली ठेवून, त्याच्या लगेच वरची नळी अरुंद करून आवाजातली २,५०० ते ३,००० कंपनांच्या भागातली ऊर्जा वाढवतो. मूळ सूर खालचाच राहतो, पण त्यावर एक धार चढते. माणसाचा कानही याच भागाला फार संवेदनशील असतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात हे मोजून मांडलं.

आपल्या कोड्याच्या दृष्टीनं यातली कामाची गोष्ट अशी की आवाज पोहोचणं आणि आवाज मोठा असणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. मध्यम आकाराचा पण नीट धार असलेला आवाज शेवटच्या रांगेत स्पष्ट ऐकू येतो. त्यात व्यंजनं चोख असतील तर शब्दही कळतो.

## जर्मनीत ऑपेरा गायक नोकरीला असतो

इटलीत किंवा अमेरिकेत ऑपेरा गायक साधारणपणे प्रयोगागणिक किंवा हंगामागणिक काम घेत फिरतो. जर्मनीत चित्र वेगळं आहे. तिथं छोट्या-मोठ्या शहरांत मिळून सार्वजनिक पैशावर चालणारी सुमारे ८० ऑपेरागृहं आहेत. पूर्वी शेकड्यानं छोटी-छोटी संस्थानं होती आणि प्रत्येक राजाला आपलं नाट्यगृह हवं असे, त्याचा हा वारसा. या नाट्यगृहांत कायम संच असतो: पगारी गायक, वादक, समूहगायक, शिंपी, रंगभूषाकार. आज मोझार्ट, परवा वाग्नर, रविवारी व्हेर्डी, असे प्रयोग आलटून-पालटून चालतात.

इथंच ‘फाख’ हा शब्द येतो. फाख म्हणजे गायकाच्या करारात लिहिलेला आवाजाचा प्रकार. नुसतं बॅरिटोन म्हणून भागत नाही. लिरिक बॅरिटोन म्हणजे हलका, लांब सुरेल ओळी गाणारा. कॅरेक्टर बॅरिटोन म्हणजे नाट्य आणि कडवटपणा पेलणारा. हेल्डन बॅरिटोन म्हणजे वाग्नरचे देव-राजे चार-चार तास उभे करणारा. करारात जो फाख असेल त्याच भूमिका नाट्यगृह तुमच्याकडून मागू शकतं. तेविशीतल्या पोरावर वाग्नरचा वोटान लादून त्याचा गळा फाडला जाऊ नये, ही त्यामागची सोय. जर्मन गायक साठीपर्यंत टिकताना दिसतात, त्यात या नियमाचा वाटा आहे असं मला वाटतं.

## युद्धातलं शिक्षण

फिशर-डीस्काउ यांचा जन्म बर्लिनचा. वडील प्राचीन भाषांचे अभ्यासक आणि शाळेचे मुख्याध्यापक, आई शिक्षिका. घरात पुस्तकं आणि संगीत. ‘डीस्काउ’ हे नाव वडिलांच्या आईच्या घराण्याकडून आलं. बाखनं १७४२ मध्ये ज्या फॉन डीस्काउ सरदारासाठी ‘शेतकऱ्यांचा कॅन्टाटा’ रचला, त्या कुळाशी नातं सांगणारं.

सोळाव्या वर्षी रीतसर गाणं सुरू झालं. जानेवारी १९४३ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, या मुलानं बर्लिनच्या त्सेलेनडॉर्फ भागातल्या सभागृहात शूबर्टची ‘विंटररायझं’ ही चोवीस गाण्यांची मालिका गायला घेतली. मध्येच ब्रिटिश विमानं आली. सगळे तळघरात जाऊन बसले. हल्ला संपल्यावर वर येऊन त्यानं उरलेली गाणी पूर्ण केली.

त्याच वर्षी सैन्यात भरती झाली. रशियन आघाडीवर त्याच्याकडे घोड्यांची निगा राखायचं काम होतं. नंतर इटलीत रवानगी झाली आणि १९४५ मध्ये तो अमेरिकनांच्या हाती लागला. दोन वर्षं युद्धकैदी. या छावण्यांत तो सोबतच्या कैद्यांसाठी गात राहिला, स्वतःच स्वतःचा शिक्षक होऊन. घरी याहून भयंकर घडलं होतं. त्याचा अपंग भाऊ मार्टिन याला नाझी राजवटीनं संस्थेत टाकलं आणि तिथं उपाशी ठेवून मारलं. पुढं युद्धातल्या मृतांसाठी गाताना या माणसाचा आवाज वेगळा का लागतो, याची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

१९४७ मध्ये परत आल्यावर बाडेनवाइलर इथं ब्राम्सच्या ‘जर्मन रेक्विएम’ या मृतांच्या स्मरणार्थ असलेल्या रचनेचा बॅरिटोन आयत्या वेळी आजारी पडला. फिशर-डीस्काउ तालीम न करता उभे राहिले आणि गायले. कारकीर्द तिथून सुरू झाली.

## १९४८, नाकेबंदीतलं बर्लिन

१८ नोव्हेंबर १९४८ रोजी बर्लिनच्या नगर ऑपेरात व्हेर्डीच्या ‘डॉन कार्लोस’मधला पोझा म्हणून त्यांचा पहिला प्रवेश झाला. वय तेवीस. वाद्यवृंदाचं संचालन फेरेंत्स फ्रिचाय यांचं. हा प्रयोग जरा जवळून पाहण्यासारखा आहे.

त्या वेळी सोव्हिएत सैन्यानं पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केल्या होत्या. कोळसा आणि पीठ विमानानं येत होतं, वीज मोजून मिळत होती. ऑपेराची मूळ इमारत बॉम्बहल्ल्यात गेली होती, म्हणून संच दुसऱ्या नाट्यगृहात खेळत होता. अशा शहरात लोक ‘डॉन कार्लोस’ बघायला आले. कथानक शिलरच्या नाटकावरचं. स्पेनच्या जुलमी राजापुढं उभा राहून प्रजेसाठी स्वातंत्र्य मागणारा सरदार म्हणजे पोझा. मित्राला वाचवण्यासाठी तो सगळा आरोप स्वतःवर घेतो, तुरुंगात त्याला गोळी घातली जाते, आणि मरता मरता तो मित्राला सांगतो की मी सुखानं जातोय, तू स्पेनच्या अमलाखालच्या फ्लँडर्सच्या लोकांना वाचव.

गोळी लागलेल्या माणसाचं हे गाणं लांब, अखंड ओळींचं आहे. श्वास पुरवून गावं लागतं आणि दम लागल्याचा भासही द्यावा लागतो. लिरिक बॅरिटोनची ही खरी कसोटी. इथं आवाजाचा आकार फारसा उपयोगी पडत नाही. आणि एक बाब आज विसरली जाते: तेव्हा जर्मन नाट्यगृहं इटालियन ऑपेरा जर्मन भाषांतरात गात. समोर बसलेल्या माणसाला प्रत्येक शब्द त्याच्या भाषेत थेट कळत होता. शब्दावर प्रेम करणाऱ्या तरुण गायकाला याहून चांगली सुरुवात मिळाली नसती.

याच संस्थेत ते पुढं तीस वर्षं राहिले. १९६१ मध्ये संस्थेची नवी इमारत ‘डॉइच ओपर’ या नावानं उघडली. बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम सहा आठवडे झाले होते. उद्घाटनाच्या ‘डॉन जोव्हानी’त मुख्य भूमिका त्यांचीच होती.

## मग एवढ्या मोठ्या भूमिका का घेतल्या?

हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. वाग्नरच्या ऑपेरांचा महोत्सव भरतो त्या बायरॉइटला १९५४ पासून त्यांनी वाग्नरच्या ‘टानहॉयझर’मधला वोल्फ्राम गायला. तो त्यांच्या गळ्यासाठीच लिहिला असावा असं वाटतं: कवी, संयमी, दुसऱ्यावर प्रेम करणाऱ्या स्त्रीसाठी प्रार्थना करणारा. ‘पार्सिफाल’मधला जखमी राजा आम्फोर्टासही त्यांना शोभला. बायरॉइटला वाद्यवृंद झाकलेल्या खड्ड्यात बसतो, त्यामुळं मध्यम आवाजाला तिथं आधारही मिळतो.

पण रेकॉर्डवर त्यांनी रिगोलेतो, मॅकबेथ, इयागो हे व्हेर्डीचे भारी बॅरिटोनही गायले. यांत मला अजूनही इटालियन गायकच अधिक पटतात. तिथं सुरात जी रुंदी आणि ऊब लागते ती यांच्याकडे नव्हती, आणि ती उणीव भरून काढायला शब्दावर दिलेला दाब कधीकधी जास्त होतो. वाग्नरचा देव वोटान त्यांनी वाद्यवृंद-संचालक कारायान यांच्यासोबत गायला, पण फक्त ‘दास राइनगोल्ड’मधला. त्या चार भागांच्या मालिकेतला हा सगळ्यात लहान भाग, आणि त्यातला वोटान तरुण, बोलघेवडा आहे. पुढच्या भागातल्या वोटानच्या पूर्ण भूमिकेच्या वाटेला ते गेले नाहीत. ‘माइस्टरझिंगर’मधला हान्स झाक्स ही बॅरिटोनची सगळ्यात लांबलचक भूमिका त्यांनी पन्नाशी उलटल्यावर, १९७६ मध्ये रंगमंचावर गायली. तोपर्यंत थांबण्यात मला त्यांचा शहाणपणा दिसतो.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ते कधीच गायले नाहीत. तिथं सुमारे ३,८०० माणसं बसतात. त्यांच्या बर्लिनच्या नाट्यगृहात १,९०० च्या आतच. कारकीर्द कुठं बहरते हे अशा आकड्यांवरही ठरत असतं.

त्यांचं सर्वोत्तम ऑपेरा काम कुठं आहे, असं कुणी विचारलं तर मी तीन नावं घेईन: ‘फिगारोचं लग्न’मधला काउंट, रिचर्ड श्ट्राउसच्या ‘अराबेला’मधला मांड्रिका आणि आल्बान बेर्गचा वोट्सेक. हा ‘वोट्सेक’ ऑपेरा पहिल्यांदा सादर झाला तो बर्लिनमध्येच, डिसेंबर १९२५ मध्ये, फिशर-डीस्काउ साडेसहा महिन्यांचे असताना. गरीब शिपाई, वरिष्ठांनी नाडलेला, डॉक्टरनं प्रयोगासाठी वापरलेला, शेवटी बायकोसारख्या जोडीदारणीचा खून करणारा. त्यात गाणं आणि बोलणं यांच्या मधोमध कुठंतरी आवाज ठेवावा लागतो. १९६५ मध्ये कार्ल ब्योम यांच्या संचालनाखाली केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हा वोट्सेक वेडा होत जाताना वाक्यावाक्यातून ऐकू येतो.

## पियानो, कविता आणि एक माणूस

‘लीड’ म्हणजे जर्मन कविता, तिला संगीतकारानं दिलेली चाल, एक गायक आणि एक पियानो. आपल्या भावगीताच्या जवळचा प्रकार, फक्त यात पियानो साथीला नसतो, तो बरोबरीचा असतो. शूबर्टनं अवघ्या ३१ वर्षांच्या आयुष्यात अशी सहाशेहून अधिक गाणी रचली. त्यांतली चारशेहून अधिक फिशर-डीस्काउ यांनी इंग्रज पियानोवादक जेराल्ड मूर यांच्यासोबत १९६६ ते १९७२ या काळात ध्वनिमुद्रित केली. पुरुष गायकाला गाता येतील अशी जवळजवळ सगळीच. त्याआधी यांतली बरीच गाणी केवळ छापील पुस्तकात होती.

एकच गाणं घेऊ. गटेच्या कवितेवरचं ‘एर्लक्योनिग’, शूबर्टनं १८१५ मध्ये अठराव्या वर्षी केलेलं. रात्री वाऱ्यात एक बाप आजारी मुलाला कवेत घेऊन घोडा दौडवतोय. मुलाला वेताळासारखा एक राजा दिसतो, तो त्याला बोलावतोय. बाप म्हणतो, धुकं आहे रे. चार माणसं या गाण्यात बोलतात: निवेदक, बाप, मुलगा आणि तो राजा. गाणारा एकटा. पियानोचा उजवा हात सुरुवातीपासून टापा वाजवत राहतो.

फिशर-डीस्काउ बापाचा आवाज जड आणि खालचा ठेवतात, मुलाचा वर ताणलेला. पण खरी करामत राजाची. भय दाखवायचं म्हणून दुसरा कुणी आवाज खरवडेल. ते मात्र अगदी हलक्या, गोड, लाडीगोडीच्या स्वरात गातात. खेळ आहेत, फुलं आहेत, माझ्या मुली तुला जोजवतील. शेवटी ‘राजीखुशीनं आला नाहीस तर जबरदस्ती करीन’ या ओळीत तो गोडवा एकाएकी फाटतो. मग टापा थांबतात. निवेदक जवळजवळ बोलल्यासारखं सांगतो की बापाच्या कवेत मूल... आणि मध्ये एक थांबा, पियानोचा एक स्वरमेळ, मग ‘मेलं होतं’. हा थांबा शूबर्टनं लिहिलाच आहे, पण तो किती ताणायचा हे गायकाचं.

चार मिनिटांत चार पात्रं उभी करणारा माणूस ऑपेरात तीन तास एक पात्र कसं उभं करत असेल, हे यावरून लक्षात यावं. ऑपेरातले बारकावे ते लीडमधून घेत आणि लीडमधलं नाट्य ऑपेरातून. ही देवाणघेवाण त्यांच्याआधीही होती. इतक्या पद्धतशीरपणे, इतकी वर्षं आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर ती त्यांनी केली.

## जर्मन येत नसेल तर?

‘शब्द एवढे महत्त्वाचे, आणि मला तर जर्मन येत नाही,’ ही अडचण खरी आहे. उपाय सोपा आहे: कवितेचा अर्थ आधी वाचून घ्यायचा. गाणी दोन ते सहा मिनिटांची असतात, अर्थ पानभराचा. दुसऱ्यांदा ऐकताना कुठल्या शब्दावर आवाज बदलतो ते कळू लागतं.

शिवाय ही भाषा आपल्यापासून वाटते तितकी लांब नाही. ‘विंटररायझं’च्या कविता लिहिल्या विल्हेल्म म्युलर यांनी. हे म्युलर म्हणजे ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्युलर यांचे वडील. पुण्या-मुंबईची मॅक्स म्युलर भवनं, जिथं हजारो मराठी मुलामुलींनी जर्मन गिरवली, ती याच मुलाच्या नावाची. १८९७ च्या राजद्रोहाच्या शिक्षेतून टिळकांना लवकर सोडावं म्हणून सरकारला विनंती करणाऱ्यांत हेच मॅक्स म्युलर होते. वडील वारले तेव्हा ते चार वर्षांचेही नव्हते. त्याच वर्षी, १८२७ मध्ये, शूबर्टनं त्या कवितांना चाली दिल्या. म्हणजे टिळकांची बाजू घेणाऱ्या म्युलरांच्या घरातलीच ही कविता आहे: प्रेमात नाकारला गेलेला एक माणूस हिवाळ्याच्या रात्री गाव सोडतो आणि बर्फातून चालत राहतो.

ही मालिका शूबर्टनं उंच आवाजाच्या पल्ल्यात लिहिली होती. लीडमध्ये मात्र साथीला पियानो एकच असल्यानं सगळं खाली घेता येतं, आणि बॅरिटोन तसंच गातात. ऑपेरात जी मुभा नाही ती इथं आहे. फिशर-डीस्काउ यांनी ‘विंटररायझं’ १९४८ मध्ये बर्लिनच्या रेडिओसाठी गायली आणि १९९० मध्ये मरे पेराहिया यांच्या पियानोसोबतही. मधल्या काळात मूर, डेमुस, बारेनबोइम, ब्रेंडेल. तरुणपणी दुःख सुरात आहे, उतारवयात ते शब्दात गेलं आहे.

## कॉव्हेंट्री, ३० मे १९६२

जर्मन विमानांनी १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री इंग्लंडमधलं कॉव्हेंट्रीचं कॅथीड्रल जाळलं. नवं कॅथीड्रल बांधून झालं तेव्हा बेंजामिन ब्रिटन यांनी त्यासाठी ‘वॉर रेक्विएम’ लिहिलं. मृतांसाठीची लॅटिन प्रार्थना आणि तिच्यात गुंफलेल्या विल्फ्रेड ओवेन यांच्या कविता. ओवेन पहिल्या महायुद्धात, शस्त्रसंधीला आठवडा उरला असताना मारले गेले होते.

ब्रिटन यांना तीन गायक हवे होते: इंग्रज टेनर पीटर पीअर्स, रशियन सोप्रानो (उंच आवाजाच्या गायिका) गालिना विश्नेव्हस्काया आणि जर्मन बॅरिटोन फिशर-डीस्काउ. लढलेले तीन देश एकत्र गाणार. सोव्हिएत सरकारनं विश्नेव्हस्काया यांना येऊ दिलं नाही. त्यांच्या जागी हेदर हार्पर गायल्या. जर्मन गायक मात्र आला, जो स्वतः हिटलरच्या सैन्यात शिपाई होता.

शेवटच्या भागात मेलेले दोन सैनिक भेटतात. बॅरिटोन सांगतो: मित्रा, तू ज्याला मारलंस तो शत्रू मीच. वाद्यं इथं जवळपास गप्प आहेत. परक्या इंग्रजी भाषेत, जर्मन उच्चाराची किंचित छटा असलेल्या त्या ओळीला दुसरा कुठलाही अलंकार लागत नाही. प्रयोगानंतर फिशर-डीस्काउ यांना अश्रू आवरले नव्हते, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढच्याच वर्षी जानेवारीत लंडनला रेकॉर्डिंग झालं तेव्हा विश्नेव्हस्काया यांना परवानगी मिळाली आणि ब्रिटन यांना हवे होते ते तिघं एकत्र गायले.

## नवं काम मागून घेणारा गायक

नावाजलेला गायक जुन्याच भूमिका आळवत राहतो असा एक समज असतो. यांच्या बाबतीत तो लागू नाही. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’वर ऑपेरा व्हावा हा ध्यास त्यांचाच. व्हेर्डीनं अनेक वर्षं हा विषय मनात घोळवून सोडून दिला होता. फिशर-डीस्काउ यांनी आधी ब्रिटन यांना सुचवून पाहिलं, मग आरिबर्ट राइमन यांना, जे त्यांचे पियानोवादकही होते. ९ जुलै १९७८ रोजी म्युनिकमध्ये ‘लिअर’ सादर झाला. संगीत कानाला बोचणारं आहे, वादळाच्या प्रसंगात तर वाद्यवृंद अक्षरशः ओरबाडतो. त्यात त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी राज्य, मुली आणि बुद्धी गमावलेला म्हातारा उभा केला. आज ‘लिअर’ अनेक देशांत खेळला जातो, कारण तो लिहून घेणारा कुणीतरी होता.

## ‘गातात कमी, समजावतात जास्त’

त्यांच्यावरची सगळ्यात टोकदार टीका फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ यांनी १९७२ मध्ये केली. म्हणणं असं: या गाण्यात भाव आहे, नाट्य आहे, श्वासावर ताबा आहे, पण गळ्याचं, जिभेचं, देहाचं खरबरीत अस्तित्व नाही, सगळं आधीच अर्थ लावून दिलेलं आहे. इतरांनी वेगळ्या शब्दांत तेच म्हटलं: प्रत्येक शब्दाखाली रेघ मारलेली असते.

उतारवयातल्या काही रेकॉर्डिंगना हे लागू पडतं. आवाजाचं तेज कमी झालं तसा शब्दावरचा भार वाढला, आणि मोठ्या सुरांत भुंकल्यासारखा कर्कशपणा येऊ लागला. पण १९५० आणि ६० च्या दशकांतलं गाणं ऐकलं की बार्थ यांचं म्हणणं मला मान्य करता येत नाही. तिथं सूर इतका सलग आहे की शब्द त्यातूनच उमलतो. ध्वनिमुद्रणामुळंच ते मोठे झाले, असंही म्हणतात. त्यांची कारकीर्द आणि लाँगप्ले रेकॉर्ड एकाच वेळी पुढं आल्या हे खरं. माइकजवळ हलकं गाणारा माणूस रेकॉर्डवर शोभतो, हेही खरं. पण ज्यांनी त्यांना तीस वर्षं बर्लिनमध्ये नोकरीवर ठेवलं ते रेकॉर्डवर ऐकत नव्हते. ते नाट्यगृहात बसलेले होते.

## पुढं काय झालं, आणि कुठून ऐकावं

खासगी आयुष्यात पहिली पत्नी, चेलोवादक इर्मगार्ड पॉपेन, १९६३ मध्ये तिसऱ्या मुलाच्या बाळंतपणात गेल्या. पुढं १९७७ मध्ये सोप्रानो युलिया वाराडी यांच्याशी लग्न झालं, ते अखेरपर्यंत टिकलं. ३१ डिसेंबर १९९२ रोजी म्युनिकच्या कार्यक्रमात व्हेर्डीच्या ‘फाल्स्टाफ’चा शेवट गाऊन त्यांनी गाणं थांबवलं. नंतर संचालन, चित्रकला, लेखन आणि मुख्य म्हणजे शिकवणं. मातियास ग्योर्न, क्रिस्टियान गेरहाहर, बेंजामिन आप्ल हे आजचे बॅरिटोन त्यांच्याकडे शिकलेले. १८ मे २०१२ रोजी, सत्त्याऐंशीव्या वाढदिवसाला दहा दिवस असताना, बव्हेरियातल्या बेर्ग इथं त्यांचं निधन झालं.

ऐकायची सुरुवात ऑपेरापासून करू नये असं माझं मत. आधी मूर यांच्यासोबतचं ‘एर्लक्योनिग’, अर्थ समोर ठेवून. मग ‘विंटररायझं’मधलं पहिलं आणि चोविसावं गाणं, पूर्ण मालिका सव्वा तासाची आहे, ती एखाद्या निवांत संध्याकाळी. त्यानंतर ‘टानहॉयझर’मधलं वोल्फ्रामचं संध्याताऱ्याला उद्देशून गायलेलं गाणं, म्हणजे वाद्यवृंदासोबत हाच आवाज कसा वागतो ते कळेल. ‘वॉर रेक्विएम’चं १९६३ चं रेकॉर्डिंग सलग ऐकावं, त्यातला शेवटचा भाग सुटा काढून ऐकू नये. आणि ‘लिअर’ सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा नकोसा वाटला तरी वादळाचा प्रसंग एकदा हेडफोन लावून ऐकाच.